घाटघर नेमकं कुठलं? जिओनेम्स सहा वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

घाटघर दोन आहेत. एक आमच्या जुन्नर तालुक्यातलं, जीवधनच्या पायथ्याचं, नाणेघाटाकडे जाताना लागतं ते. दुसरं अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या मागे, जिथे वीज प्रकल्प आहे ते (आणि अकोले म्हणजे विदर्भातलं अकोला नव्हे, तो घोळ वेगळाच). पक्ष्याच्या वाटेने बघितलं तर दोन्हीत तीसेक किलोमीटर, पण मध्ये हरिश्चंद्रगडाची अख्खी रांग आडवी, त्यामुळे एकदा चुकीच्या घाटघरकडे गाडी वळली की दिवस गेलाच समजा. ट्रेकला येणारी पोरं चुकतात ते एक वेळ ठीक, त्यांना वेळ असतो. पण पेशंट घ्यायला निघालेली गाडी चुकली तर काय, या एका प्रश्नावरून आम्ही पाच जणांनी २०१९ मध्ये तालुक्यातल्या जागांची एक ओपन फाईल बनवायला घेतली. गावं, वाड्या, एसटीचे थांबे, उपकेंद्रं, किल्ले, घाटवाटा, धरणाच्या भिंती, सगळ्याचं नाव आणि लॅट-लाँग (अक्षांश-रेखांश), कुणीही उतरवून घ्यावं, कुणीही वापरावं, पैसे नाहीत, परवानगी लागत नाही.

त्या फाईलचा पाया म्हणून आम्ही जे घेतलं ते जिओनेम्स. सहा वर्षं झाली, रोज वापरतेय, म्हणून म्हटलं आता नीट लिहूनच टाकू, कारण मराठीत यावर कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही आणि दर महिन्याला कुणीतरी विचारतंच की गावांची यादी लॅट-लाँगसकट फुकट कुठे मिळेल.

आधी काय आहे ते. जिओनेम्स म्हणजे जगभरातल्या जागांच्या नावांचा डेटाबेस, चालतो स्वित्झर्लंडमधून, नोंदी एक कोटीच्या वर. लायसन क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्युशन ४.०, म्हणजे धंद्यासाठी वापरा, बदला, पुढे वाटा, फक्त त्यांचं नाव द्या. वेबसाईटवर एक डाउनलोडचं पान आहे, तिथे प्रत्येक देशाची एक झिप असते, भारताची घेतली की आत साधी टेक्स्ट फाईल निघते, टॅबने तोडलेली, यूटीएफ-८ मध्ये (म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या चालतात अशा पद्धतीत साठवलेली), एका ओळीला एक जागा आणि प्रत्येक ओळीत १९ कॉलम. आयडी, नाव, साध्या रोमन अक्षरातलं नाव, इतर नावं, लॅटिट्यूड, लाँगिट्यूड, जागेचा प्रकार, देश, राज्य-जिल्ह्याचे कोड, लोकसंख्या, उंची, टाइमझोन आणि शेवटी ती ओळ शेवटची कधी बदलली ती तारीख. अख्ख्या जगाची फाईल उघडली तर दीड जीबीच्या आसपास जाते, ती घेऊ नका, साध्या लॅपटॉपचा जीव जातो, देशाची फाईल पुरते.

आता मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? नोंदींचा आकडा नाही. आयडी. प्रत्येक जागेला एक नंबर आहे आणि तो नंबर जागेला चिकटलेला आहे, नावाला नाही. पुण्याचा १२५९२२९, मुंबईचा १२७५३३९, अख्ख्या महाराष्ट्राचा १२६४४१८. नाव बदला, स्पेलिंग बदला, डॉट सरकवा, नंबर तोच.

याची किंमत आम्हाला २०२४ मध्ये कळली. आमच्या तालुक्याला लागून अहमदनगर जिल्हा, आळेफाट्यावरून थोडं पुढे गेलं की हद्द लागते, त्यामुळे शेजारच्या काही गावांच्या ओळी आमच्याही फाईलमध्ये होत्या. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि आम्ही सुरुवातीला जिल्हा हा कॉलम नुसत्या नावाने भरलेला, नंबर टाकलाच नव्हता. काही ओळीत जुनं नाव, काही ओळीत नवीन, एका ओळीत तर नुसतं नगर, कारण बोलताना सगळे नगरच म्हणतात. दोन याद्या जोडायला गेलं की निम्मी गावं गळायची. तीन रविवार बसून सगळं नंबरवर आणलं. ज्या ओळींना पहिल्यापासून जिओनेम्सचा आयडी होता त्यांना हातसुद्धा लावावा लागला नाही. औरंगाबाद, उस्मानाबादच्या वेळी ज्यांनी नुसत्या नावावर याद्या बांधल्या होत्या त्या सगळ्यांचं हेच झालं असणार.

आणि नाव बदललं म्हणून जुनं पुसून टाकायचं नसतं, हे पण जिओनेम्सने नीट केलंय. पर्यायी नावांची एक वेगळी फाईल येते, त्यात प्रत्येक नावापुढे भाषेचा कोड (मराठीला एमआर), हे पसंतीचं नाव आहे का, बोलीतलं आहे का, ऐतिहासिक आहे का आणि कधीपासून कधीपर्यंत चालत होतं, असे रकाने आहेत. म्हणजे बॉम्बे लिहिलेला जुना कागद आला तरी तो मुंबईच्या आयडीवर जाऊन बसतो. वर त्याच फाईलमध्ये विकिडेटाचा (विकिपीडियावाल्यांच्या खुल्या माहितीसाठ्याचा) नंबर, विमानतळाचे कोड अशाही गोष्टी भाषेच्या रकान्यात खास कोड टाकून ठेवलेल्या आहेत, पहिल्यांदा बघितल्यावर गोंधळ होतो, माझा झाला, पण एकदा समजलं की फार कामाचं आहे.

जागेच्या प्रकारांबद्दल पण सांगते. नऊ मोठे गट आहेत, एकेका इंग्रजी अक्षराचे. पी म्हणजे वस्ती, एच म्हणजे पाणी, टी म्हणजे डोंगर, एस म्हणजे इमारत वगैरे, ए म्हणजे प्रशासकीय विभाग, असं. आणि आत शेकड्यांनी बारीक कोड. किल्ल्याला एफटी, खिंडीला पास, धरणाला डॅम. आमच्याकडे शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन आहेत, नाणेघाट आहे, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे अशी धरणं आहेत, या सगळ्यासाठी आयते कोड मिळाले, स्वतःचे शोधत बसावं लागलं नाही. उजाड झालेल्या गावाला वेगळा कोड, नष्ट झालेल्या गावाला वेगळा कोड, हे तर मी दुसरीकडे कुठे फारसं पाहिलं नाही आणि धरणांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला त्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. उजनीच्या पाण्याखाली जुनं पळसदेव गेलं, नवीन गाव वर वसलं, नाव तेच, उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ दिसतं. एकच नाव, दोन जागा, दोन्ही खऱ्या. यादीत दोन ओळी लागतात, दोन नंबर लागतात आणि दोघींपुढे काय झालं ते लिहावं लागतं.

माळीणचं पण तसंच. आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं गाव, ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. गावाचं पुनर्वसन जवळच आमडे इथे झालं. आता माळीण म्हणून डॉट कुठे टाकायचा? आम्ही दोन टाकलेत. जुन्यावर वस्ती नाही असा कोड आहे, नव्यावर वस्तीचा. जुना डॉट पुसायचा असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं, गाडी तिकडे जाऊ नये म्हणून, बरंच बोलणं झालं, शेवटी ठेवला. गाडीवाल्याच्या ॲपने वस्ती नसलेला कोड गाळावा, ते ॲपचं काम. पण फाईलमधून ते गाव नाहीसं करायचा अधिकार आपला नाही असं मला मनापासून वाटतं.

बरं, आता त्रासाचं.

पहिलं म्हणजे कोड. जिओनेम्समध्ये महाराष्ट्राचा कोड १६ आहे आणि गोव्याचा ३३. जनगणनेत महाराष्ट्र २७ आणि गोवा ३०. जिओनेम्सने राज्यांसाठी जुने अमेरिकन कोड धरलेत म्हणून हा फरक. जिल्ह्याला मात्र जनगणनेचेच नंबर आहेत, पुण्याला ५२१, २०११ च्या यादीप्रमाणे. म्हणजे एकाच ओळीत राज्याचा कोड एका पद्धतीचा आणि जिल्ह्याचा दुसऱ्या. माहीत नसेल तर सरकारी यादीशी जोडताना हमखास गडबड. आणि २०११ ची यादी म्हटल्यावर पालघर त्यात नाही, तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा. तेव्हा ३५ जिल्हे, आता ३६.

दुसरं, अचूकता. जिओनेम्सने जगभरातले सरकारी नावकोश एकत्र करून सुरुवात केली, त्यातला मोठा वाटा अमेरिकन सरकारच्या परदेशी नावांच्या यादीचा आणि त्या यादीत जुन्या नकाशांवरून घेतलेल्या जागा बऱ्याच ठिकाणी फक्त मिनिटापर्यंत मोजलेल्या. एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर. सपाट भागात तेवढा फरक चालून जातो, आमच्या मावळात तेवढ्यात मधे दरी येते. ओळखायचं कसं, तर लॅट-लाँगच्या दशांशाकडे बघा, .५१६६७, .८३३३३, .२५ असले आकडे दिसले की समजायचं हे मिनिटाला गोल केलेलं आहे, इथे जाऊन खात्री करायची. आम्ही फाईलमध्ये एक जादा कॉलमच ठेवलाय, डॉट कुणी आणि कशावरून पडताळला, जागेवर जाऊन की नकाशावरून. पाच दशांश म्हणजे जवळपास एक मीटर, चार दशांश म्हणजे अकरा मीटर, गावासाठी चार भरपूर झाले, मोबाईल चौदा आकडे देतो म्हणून चौदा ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरं, वाड्या. खरं दुखणं हे. जनगणना महसुली गाव मोजते आणि आमच्याकडे माणूस राहतो तो वाडीत, पाड्यावर, तांड्यावर, ठाकरवाडीत. मोठ्या नावकोशात गाव येतं, वाडी सहसा येत नाही. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा अख्ख्या राज्याला ते नाव पहिल्यांदा कळलं, ती वाडीच होती. जिओनेम्समध्ये या जागा आपल्याला भरता येतात ही जमेची बाजू, लॉगिन करा, नकाशावर डॉट ठेवा, नाव टाका, मराठी नाव टाका, झालं, प्रत्येक बदलाची हिस्टरी राहते. पण ते भरणार कोण, तर आपणच.

चौथं, स्पेलिंग. वडगाव रोमनमध्ये व्ही ने, डब्ल्यू ने, शेवटी गाव चं एओएन की एव्हीएन, ळ चा तर नुसता एल होतो, बुद्रुक-खुर्द कधी पूर्ण, कधी बीके-केएच. नारायणगाव तर मी चार प्रकारे लिहिलेलं बघितलंय. म्हणून आम्ही देवनागरी नाव मुख्य धरलं आणि रोमन नुसतं शोधायला. आणि बुद्रुक, खुर्द कधीही गाळू नका हो, मोठं गाव आणि धाकटं गाव ही दोन वेगळी गावं आहेत, त्यांच्या ग्रामपंचायती बऱ्याचदा वेगळ्या असतात, शोभेचं शेपूट नाही ते.

पिनकोडची फाईल पण मिळते, वेगळ्या झिपमध्ये. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस, संस्कृत कवी, हे पोस्टात काम केलेल्या माझ्या काकांकडून लहानपणीच ऐकलेलं. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड, त्यात गोव्याचे ४०३ ने सुरू होतात. पण पिन म्हणजे जागा नव्हे, पोस्टाने वाटलेला परिसर आहे. जुन्नरचा ४१०५०२ घातला तर त्यात शहर पण आलं आणि लांबलांबची गावं पण आली, त्या एका डॉटवर विसंबून घरपोच काही पाठवू नका. फाईलमध्ये शेवटी अचूकतेचा एक रकाना असतो, १ म्हणजे अंदाजे, ६ म्हणजे नीट काढलेला मध्य, तो आधी बघा, बहुतेक लोक बघतच नाहीत.

आता सांभाळण्याचं, कारण फाईल बनवणं हे दोन महिन्यांचं काम होतं, सांभाळणं सहा वर्षं चाललंय. जिओनेम्स रोज आदल्या दिवशीचे बदल वेगळ्या छोट्या फाईलमध्ये देतं, एक बदललेल्या नोंदींची, एक उडवलेल्या नोंदींची, पर्यायी नावांच्या तशाच दोन. या चार फाईली म्हणजे माझ्या मते या सर्व्हिसचा आत्मा. आमची स्क्रिप्ट रोज सकाळी त्या उतरवते, बदलांमधून भारत आणि जिल्हा ५२१ (पुणे) आणि ५२२ (अहिल्यानगर) एवढंच गाळून घेते आणि आम्हाला दाखवते. उडवलेल्यांच्या फाईलमध्ये देशाचा कोड नसतो, फक्त आयडी, नाव आणि कारण असतं, त्यामुळे ती आपल्याकडच्या आयडींशीच ताडून बघावी लागते, हे लक्षात ठेवा. आपोआप काही घेत नाही आम्ही. माणूस बघतो, होय म्हणतो, मग आत जातं. बहुतेक दिवशी आमच्या भागातलं काहीच नसतं आणि तेच बरं.

गिटवर (फाईलमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारं सॉफ्टवेअर) ठेवताना दोन गोष्टी. फाईल कायम आयडीच्या क्रमाने लावलेली ठेवा, म्हणजे एक ओळ बदलली तर फरकातही एकच ओळ दिसते, नाहीतर कुणीतरी एक्सेलमध्ये उघडून अक्षरक्रम लावून परत टाकतो आणि सगळी फाईल लाल-हिरवी होते, काय बदललं काहीच कळत नाही. एक्सेल तर देवनागरीचं पण वाटोळं करतं सरळ डबलक्लिकने उघडलं की, तिथे डेटा इम्पोर्ट करून यूटीएफ-८ निवडायचं. आणि गिटहब (गिटमधल्या फाईली ऑनलाइन ठेवायची साईट) १०० एमबीच्या वरची फाईल घेत नाही, तालुक्याला तो प्रश्न येत नाही, राज्याचं करणार असाल तर जिल्हावार तुकडे करा.

आणि हे तर मोठ्या अक्षरात लिहायला हवं, जिओजेसनमध्ये (नकाशावर दाखवायचा डेटा ठेवायचा एक फॉरमॅट) आधी लाँगिट्यूड येतो, मग लॅटिट्यूड. जिओनेम्सच्या टेक्स्ट फाईलमध्ये उलटं. आम्ही पहिल्या महिन्यात उलटं टाकलं आणि पुणे जिल्हा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडला. नकाशावर बघितलं म्हणून सापडलं. तेव्हापासून एक तपासणी लावलीय, लॅटिट्यूड १८ ते २० आणि लाँगिट्यूड ७३ ते ७५ च्या बाहेर काही दिसलं की फाईल आतच जात नाही.

ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा, का नाही घेतला असं बरेच विचारतात. घेतो ना, रस्ते आणि घरं बघायला त्याच्यासारखं दुसरं नाही आणि जिओफाब्रिकच्या साईटवरून पश्चिम विभागाची फाईल रोजची ताजी मिळते, महाराष्ट्र-गोवा-गुजरात सगळं त्यात. पण दोन कारणं. तिथल्या नोडचा, म्हणजे डॉटचा, नंबर टिकेल याची खात्री नसते, कुणी गावाचा डॉट काढून त्याजागी हद्द आखली की नंबरच वेगळा. आणि त्यांचं लायसन ओडीबीएल, म्हणजे त्यांचा डेटा आपल्या डेटाबेसमध्ये मिसळून तो बाहेर दिला की आपलाही त्याच लायसनखाली द्यावा लागतो. त्यात वाईट काही नाही, त्यांनी विचार करून ठेवलंय ते, पण आपण क्रिएटिव्ह कॉमन्सखाली देतोय असं लिहून आत ओपनस्ट्रीटमॅपचे डॉट भरले तर ते चूक आहे. म्हणून आम्ही दोन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, वेगळ्या लायसनने. कुठल्याही कंपनीच्या नकाशावरून बघून डॉट उतरवायचा नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम, मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच सांगतो.

याआधी आम्ही एका कंपनीची पैसे देऊन घ्यायची सर्व्हिस वापरून बघितली होती, नाव घेत नाही. पत्ता टाकला की लॅट-लाँग द्यायची, छान चालायची, पण अटींमध्ये लिहिलेलं की उत्तर साठवून ठेवायचं नाही. म्हणजे रोज विचारा, रोज पैसे द्या आणि दुसऱ्याला देऊ नका. आमच्या कामाला ते उपयोगाचंच नव्हतं. आणि त्याआधी कुणीतरी वर टाकलेली गावांची एक शीट मिळाली होती, लायसन नाही, तारीख नाही, कुठून आणली माहीत नाही, विचारायला मेल केला तर उत्तर नाही आणि काही महिन्यांनी लिंकच गेली. दिसायला ती शीट जिओनेम्सपेक्षा सुबक होती, हे पण सांगते.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा वाड्यांसाठी कापला आणि तो भरून काढणं आपल्या हातात आहे. वेबसाईट जुनाट दिसते, त्याचे मार्क मी कापत नाही, रोजच्या फाईली रोज येतात ना, मग झालं. फुकटच्या वेब सर्व्हिसला रोजची मर्यादा असते, यूझरनेम घ्यावं लागतं, पण यादीसाठी सर्व्हिस लागतच नाही, डंप (डाउनलोडच्या पानावरची अख्खी फाईल) घ्या. धंद्यासाठी वापरणाऱ्यांना जास्त तपासणी केलेल्या डेटाचं पैसे देऊन घ्यायचं सबस्क्रिप्शन आहे, ते घ्या, त्यावरच हे फुकट चालतं.

सध्या आम्ही मढच्या पुढच्या भागात आहोत, पिंपळगाव जोगेच्या पाण्याच्या काठाच्या वाड्या. दोन वाड्यांची नावं अडलीत, एक आजी एक सांगतात, शाळेच्या भिंतीवर दुसरं आहे आणि एसटीच्या कंडक्टरला तिसरंच माहीत. तिन्ही नावं टाकणार आहोत, एका आयडीखाली, पण पसंतीचं कुठलं ते तिथलेच लोक ठरवतील. त्या भागातलं कुणी वाचत असेल तर सांगा, वाडीत घरातली माणसं काय म्हणतात ते हवंय, कागदावरचं नाव आमच्याकडे आहे.